वाकडी चाकं

विनीताचा नवरा हार्टअटॅकनं गेला. सिंगापूरचं बिऱ्हाड आवरताना गाडी विकायला काढली, तर इग्निशनमध्ये किल्लीच फिरेना. तिनं मेकॅनिकला बोलावलं. "लॉक नॉट स्पॉइल्ट, लाह," तो म्हातारा म्हणाला. चाकं पूर्ण वळलेली ठेवून गाडी लावली होती, म्हणून स्टिअरिंगनं किल्ली अडवली, एवढंच. विनीता चपापली. चाकं सरळ केल्याशिवाय नवरा कधी उतरायचा नाही. तिनं वाकडी सोडली तर लिफ्टमधून परत पिटाळायचा. आणि गाडी शेवटची त्यानंच लावली होती. म्हणजे त्या शेवटच्या संध्याकाळी खाली पार्किंगमध्येच त्याच्या छातीत कळ आली होती. वर येऊन मात्र म्हणाला, "काही नाही गं, ॲसिडिटी." आणि लेकीचा घोडा होऊन, तिला पाठीवर घेऊन ती दमेपर्यंत घरभर रांगला. मेकॅनिकनं स्टिअरिंग हलवत किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. "आई, व्हाय आर यू क्रायिंग?" लेकीनं विचारलं. "काही नाही गं."