निहारची हनुवटी

नातवाच्या बोरन्हाणासाठी मृणालताई शेगडीपाशी बसून हलवा करत होत्या. तिळांवर पांढराशुभ्र काटा फुललेला त्यांना स्पष्ट दिसत होता. बोटांना मात्र दाणे गुळगुळीत लागत होते.

"काटा एवढा फुललाय, पण हाताला लागत नाही. थंडीनं बोटं बधिर झालीत मेली," त्या पुटपुटल्या.

सून ईरानं परातीत डोकावून पाहिलं. हलव्याला काटा नव्हताच. तिनं घाबरून डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तिथूनच मृणालताईंच्या डोळ्यांत बसवलेली भिंगं तपासली.

"काकू, तुमची नजर दिवाळीतच गेलीय. जिथं दिसत नाही, तिथं ही भिंगं आठवणीतलं चित्र भरतात. आता सगळंच आठवणीतलं आहे."

मृणालताईंनी परात बाजूला सारली. बाळ तर दिवाळीनंतरचं! सगळे म्हणायचे, आईवर गेलंय. त्या एकट्याच हट्टानं सांगायच्या, हुबेहूब बापावर, माझ्या निहारवर, हनुवटीवरच्या खळीसकट.

"ईरा, बाळाला दे इकडे."

मांडीवर निहारच हसत होता, तान्हा, चाळीस वर्षांपूर्वीचा. त्यांनी बोटानं हनुवटी चाचपली. खळी लागलीच नाही. ओले गाल मात्र लागले, बिनआवाजाच्या हुंदक्यांनी हलणारे.

"ईरा," त्या म्हणाल्या, "हा रडतोय का गं?"