पाचवी पट्टी

"ही एवढी एक पट्टी काढा, ताई. बाकीच्या राहू द्यात," साहेब टायपिस्ट बाईंच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले.

स्क्रीनवर साहेबांच्या कारखान्यातल्या आगीचा चौकशी अहवाल होता. आज तो सगळ्यांसाठी खुला व्हायचा होता. साक्षीदारांच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून समितीने बाईंना काम नेमून दिलं होतं. प्रत्येक नावाच्या आधी एक खूण घालायची, नंतर एक. मधलं नाव झाकलं जाऊन तिथे काळी पट्टी उमटायची. खुणा काढायचा पासवर्ड एकट्या बाईंकडे होता.

पहिल्या चार पट्ट्यांशी साहेबांना घेणंदेणं नव्हतं. पाचवी मात्र जिव्हारी लागली होती. "मागच्या दाराला कुलूप घाला, असं साहेबांनी माझ्यादेखत सांगितलं," असं तो साक्षीदार म्हणत होता. त्याच दाराशी एक पॅकर गुदमरून गेला होता. साहेबांना त्याचं वाईट वाटलं होतं, नाही असं नाही. पण झोप उडाली ती या पट्टीमुळे.

कुलपाचं सांगितलं त्या दुपारी केबिनमध्ये कोण होतं? सुपरवायझर आणि वॉचमन. तिसरं कुणीच नाही. आणि विचारलं की दोघंही कानांवर हात ठेवत होते.

"समितीला शब्द दिलाय, साहेब. नाही काढणार."

साहेब चाटच पडले. या बाईंनी आजवर त्यांच्यापुढे ब्र काढला नव्हता.

"ठीक आहे. मग उद्यापासून दोघंही घरी. वॉचमनच्या मुलीचं बाळंतपण तोंडावर आलंय म्हणे. बघा बुवा, पाप तुमच्या माथी."

बाईंची बोटं थांबली. मात्रा लागू पडली, हे साहेबांनी ओळखलं. त्यांनी आवाजात साखर घातली. "अहो, तुम्ही तर घरच्यासारख्या. काळजी करू नका, तुमचं नाव कुठेही येणार नाही."

बाईंना हसू फुटलं. त्यांनी पासवर्ड घातला, पाचव्या नावाच्या दोन्ही खुणा काढल्या आणि साहेब वाकायच्या आत अहवाल खुला करायचं बटण दाबलं.

"घ्या. तुम्हा एकट्यालाच कशाला? सगळ्यांना वाचू दे."

साहेबांनी घाईघाईने चष्मा चढवला. चार पट्ट्या काळ्याकुट्ट होत्या. पाचवीच्या जागी नाव होतं, त्या दुपारी केबिनच्या कोपऱ्यात बसून त्यांचंच पत्र टाइप करणाऱ्या बाईंचं.