जोडायचं असल्यास

बाबांनी फिल्म शेवटपर्यंत बघितली. मुलीच्या खुर्चीमागे उभ्यानेच, बसच्या किल्ल्या हातात तशाच धरून. शाळेची बस लावून ते घरात शिरले तेव्हा ती लॅपटॉपपुढे बसली होती आणि पडद्यावर त्यांचंच स्वयंपाकघर होतं.

“हे कुठे पाठवतेस?”

“फिल्म कॉलेजला. अर्ज गेलाय. सोबत स्वतः केलेली फिल्म जोडायची असल्यास आज संध्याकाळपर्यंत जोडता येते. सक्ती नाही.”

“मग नको जोडूस.”

फिल्ममध्ये फार काही घडत नव्हतं. फ्रिजवर ठेवलेल्या फोनने जेवणाचं टेबल टिपलं होतं. बाबा म्हणत होते, “तिला सांग, नळ गळतोय.” मग मुलीचा आवाज, “आई, नळ गळतोय म्हणतायत.” आई म्हणत होती, “त्यांना सांग, गळणारच. दुरुस्त काय शेजारी येऊन करणार आहेत?” पुन्हा मुलीचा आवाज, “बाबा, आई विचारतेय, नळ जरा बघाल का?” दोघं हातभर अंतरावर बसलेली. मिठाची बरणीही मुलीनेच इकडून तिकडे सरकवायची. ती स्वतः एकदाही दिसत नव्हती.

भांडणाचं मूळ मावशीच्या लग्नात होतं. कोण कुणाला काय बोललं, ते दोघंही वेगवेगळं सांगत. तेव्हा अबोला धरला तो धरलाच. मुलगी पाढे पाठ करायच्या वयाची होती. निरोप पोचवता पोचवता मोठी झाली. त्यातले काटे वाटेतच काढून टाकायलाही शिकली. आत्या तिला ‘पोस्टमन’ म्हणायची आणि सगळे हसायचे.

तिचे मार्क बेताचे होते. फिल्मशिवाय निवड होणं कठीण, हे तिला ठाऊक होतं. कॉलेज लांब होतं, आणि निवड झाली तर या घरात निरोप कोण नेणार, हेही तिच्या मनात होतं. म्हणूनच सकाळपासून तिचं बोट बटणाशी जाऊन परत येत होतं.

आई शिवत असलेला पडदा खांद्यावर टाकून दारात येऊन उभी राहिली होती. तिने किती बघितलं, कोण जाणे.

“आईला सांग,” बाबा म्हणाले, “लेक घरची लक्तरं वेशीवर टांगायला निघालीय.”

मुलीने लॅपटॉपवरून नजर काढली नाही.

“सांग तिला.”

“ती इथेच उभी आहे, बाबा.”

मग बाबांनी विचारलं, “तुला हे चालतंय?”

मुलीला वाटलं, आपल्यालाच विचारलं. पण ते तिच्या डोक्यावरून दाराकडे बघत होते.

“मुळीच नाही,” आई त्यांच्याकडे बघून म्हणाली. “लोक थुंकतील तोंडावर. आणि मी एवढं लागेल असं बोलते का? मुद्दाम तेवढंच घेतलंय हिने.”

“माझंही तसंच केलंय.”

“पुसून टाकायला लावा.”

“ऐकलंस? पुसून टाक. नाहीतर अर्ज, कॉलेज, सगळं विसर. एक बोट उचलणार नाही आम्ही तुझ्यासाठी.”

आम्ही. मुलगी आळीपाळीने दोघांकडे बघत राहिली. मग वळली आणि तिने बटण दाबलं. पडद्यावरची रेघ सावकाश भरत गेली आणि फिल्म गेली.

“बघा,” आई म्हणाली. “तुमच्यावर गेलीय. तोच आडमुठेपणा.”

“माझ्यावर? हा कोडगेपणा तुझ्या माहेरचा आहे.”

“माहेर काढू नका. भर मांडवात माझ्या भावाला कोण बोललं होतं?”

“आणि त्याआधी तो काय बोलला, ते नाही आठवत तुला?”

आवाज चढत गेले. बाबांनी किल्ल्या टेबलावर आपटल्या. आईने पडदा खुर्चीवर भिरकावला. मुलगी उठली, दोघांच्या मधून वाट काढत गॅलरीत आली आणि सवयीने हाकेची वाट बघत उभी राहिली.

हाक आली नाही. आत ती दोघं एकमेकांना वाट्टेल ते बोलत होती, तोंडावर, काट्यांसकट.

आता तिला जाता येणार होतं.