हुंकार

वेल्ह्याच्या चावडीत बॅटरीवरच्या रेडिओभोवती गाव जमलं होतं. मुंबईच्या केंद्रावर एक पंडित सावळा धनगराच्या बायकोची, भामाबाईची, मुलाखत घेत होते. त्यांनी तिला एक धनगरी गोष्ट सांगायला सांगितलं. "एक हुता धनगर," भामाबाई म्हणाली आणि एकदम गप्प झाली. पेटीत नुसती खरखर उरली. "घाबरली बिचारी," पाटील हळहळले. सावळा मात्र मिशीतल्या मिशीत हसला. "घाबरतीया कशाची? हुंकार दिल्याबिगर ती गोष्ट म्होरं न्हेत न्हाई. आन् पंडित बसल्यात गुमान!" त्यानं पेटीकडं तोंड करून दणक्यात "हं!" म्हटलं. चावडी खदाखदा हसली. "तुझा हुंकार मुंबईला कसा रं पोचायचा?" पाटलांनी विचारलं. "तिला ठावं हाय, म्या हितं बसलोय," सावळा म्हणाला. तेवढ्यात पेटीतून ठणठणीत आवाज आला, "आमच्या कारभाऱ्यांनी तिकडं हुंकार दिला आसंल. तर म्होरं ऐका."