पायातला मासा

"डॉक्टर, ही माशाची कातडी आहे?" उपेंद्रच्या चिघळलेल्या पायापेक्षा त्याच्या बायकोचा, मंगलाचा चेहराच आता जास्त बघण्यासारखा झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी चिमट्यातला पांढरा तुकडा दाखवला. कातडी धुऊन धुऊन नुसती जाळी उरली होती. मांडवावर वेल चढावा तशी तिच्या आधारानं उपेंद्रची स्वतःची कातडी वाढणार होती. जाळी मग अंगातच जिरून जाणार होती.

उपेंद्र मनातून खूश झाला. डायबेटिसमुळे जखम भरेना, अंगठा कापावा लागतो की काय, या धास्तीनं मंगला सातेरीदेवीला नवस बोलली होती. पाय बरा होईपर्यंत घरात मासळी शिजणार नाही. तेव्हापासून बिचारा दुधी गिळत होता.

"अगं, अंगात जिरणार म्हणजे खाल्ल्यासारखंच की," रिक्षात बसताच तो म्हणाला. "नवस तर मोडलाच. जाताना सुरमई घेऊया?"

मंगलानं रिक्षा सरळ घरी घ्यायला लावली. जेवायला पुन्हा दुधीच.

अखेर जखम भरली, पट्टी सुटली. त्या दुपारी घरभर तळलेल्या सुरमईचा घमघमाट सुटला. उपेंद्र जराही न लंगडता ताटावर येऊन बसला. मंगलानं आपल्या ताटात दोन जाडजूड तुकड्या घेतल्या आणि त्याला दुधीची भाजी वाढली.

"अगं, माझी तुकडी?"

"तुमची केव्हाच खाऊन झाली," काटा बाजूला काढत ती म्हणाली. "उपाशी मी होते."