निळी कड

"अपू, मी आता कुठी हाओ?" मुकेशनं विचारलं.

अपेक्षा चहा ठेवून त्याच्या शेजारी बसली. लॅपटॉपवर वर्ध्याच्या एका शिक्षण संस्थेचा अर्ज उघडा होता. लिपिकाची एकच जागा, दिव्यांगांसाठी राखीव. आज शेवटचा दिवस, पाच वाजेपर्यंत.

कापसाच्या जिनिंगच्या मशीनमध्ये मुकेशचा उजवा हात मनगटापासून गेला होता. डाव्या हाताला अंगठा आणि एक बोट उरलं होतं. माउस त्याच्या हातात ठरत नसे. टॅबचं बटन दाबत तो एकेका रकान्यावरून पुढे जाई आणि त्या एका बोटानं टाईप करी. एमएस-सीआयटी तो तसाच पास झाला होता.

इतर साइटवर आपण जिथं असतो, त्याभोवती निळी कड उमटते. इथं ती नव्हती. लिहायच्या रकान्यात निदान बारीक दांडी लुकलुकत होती. पर्यायांवर आणि बटनांवर काहीच नाही.

"तुहा लॅपटॉप बिघडला काय वं?"

"नाई. साइटच तशी हाय."

साइट तिनंच केली होती, तीन महिन्यांपूर्वी. संस्थेचे सचिव मधुकरराव तिच्या ऑफिसात येऊन बसले होते. माउस नेला की बटन केशरी होतं, हे त्यांना फार आवडलं. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. निळी कड मात्र त्यांना खुपली. "हे काय, मास्तरनं चुकीभोवती गोल काढल्यासारखं? काढून टाका." ज्यांना माउस चालवता येत नाही ते त्या कडेच्याच आधारानं चालतात, हे तिला माहीत होतं. ती "हो सर" म्हणाली. कड घालवायला सीएसएसमध्ये, साइटचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, एकच ओळ लिहायची होती; ती तिनं लिहिली. तेव्हा तिला मुकेश आठवलासुद्धा नव्हता.

"माउसनं मी भरून देऊ काय, दादा?"

"नाई. नोकरी मी करीन, तं अर्जही मीच भरीन. तू फक्त कुठी हाओ थे सांग."

मग ती सांगत राहिली. आता जात. आता जिल्हा. आता अपंगत्वाचा दाखला. तो एका बोटानं भरत राहिला. साडेचारला तो सगळ्यात खाली पोचला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. ऑफिसचा होता. ती बोलत दारापर्यंत गेली.

मुकेशनं मनाशी मोजून टॅब दाबला. आणखी एकदा दाबला. मग एंटर.

"गेला वं अर्ज!" तो ओरडला. कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता.

अपेक्षानं फोन तसाच बंद केला आणि येऊन वाचलं. 'आपला अर्ज रद्द करण्यात आला आहे. या आधार क्रमांकावरून पुन्हा अर्ज करता येणार नाही.' 'अर्ज पाठवा' आणि 'अर्ज रद्द करा' ही बटनं शेजारीशेजारीच होती. तो एक टॅब पुढे गेला होता.

मुकेशनंही वाचलं. हळूहळू, ओळीवर बोट ठेवून.

तिनं संस्थेत फोन लावला. तिकडचा माणूस सभ्यपणे म्हणाला, "रद्द त्यांनीच केला ना, मॅडम? मग आमच्या हातात काय हाय?" तिनं पुन्हा लावला. कोणी उचलला नाही.

पाच वाजले.

"कोणं बनवली असन वं ही साइट?" मुकेश म्हणाला. "त्यानं माह्यासारखा माणूस कधी पाह्यलाच नसन."

"मीच बनवली, दादा."

तो रागावला नाही. त्यानं तिच्याकडे पाहिलं, जणू तिला ओळखायचा प्रयत्न करत होता.

"टॅब दाबाचं तं तुनंच शिकवलतं मले," तो म्हणाला. "दवाखान्यात. टाकेही नोते निघाले तवा."