दोघांना एकच शब्द

"निता आत्या, इथं हॉस्पिटल लिहेल हाये, समोरच्या पाटीवर हॉटेल, आन् मी राह्यते हॉस्टेलात. तिन्ही शब्द सारखेच काहून दिसतात?"

विचारणारी अंजू ही रुपाबाईची नात. आणि रुपाबाई, निताची सख्खी आत्या, मोडलेल्या पायाला वजन टांगून खाटेवर पडली होती. निता रिसोडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची. सकाळपासून ती आत्याजवळ बसून होती, पण तिच्या नजरेला नजर देत नव्हती. अंजूनं विचारलं तशी ती सुटल्यासारखी बोलू लागली.

"मूळ एकच आहे त्यांचं, लॅटिनमधलं. फ्रेंच घे, स्पॅनिश घे, इटालियन घे, थोड्याफार फरकानं सगळीकडे हाच शब्द. पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला तर आपण त्याचं इस्पितळ केलं. वाटसरूनं टेकावं, चार घास खावेत, आजारी असला तर पडून राहावं, अशी ती जागा."

"मंग मुळातला अर्थ काय?"

"पाहुणा," निता म्हणाली, आणि थबकली.

परवा संध्याकाळी आत्याचा फोन आला होता. जऊळक्याहून डोळे दाखवायला रिसोडला आले, डॉक्टरनं उद्या पुन्हा बोलावलंय, रातच्यापुरती येऊ का तुझ्याकडं? निताच्या नवऱ्याचे साहेब तेव्हा जेवायला आले होते. नवं घर, नवा सोफा, आणि त्यात आत्याचा आरशांचा घागरा, कोपरापर्यंत बांगड्या, तिचं ते मोठ्यानं बोलणं. "आम्ही वाशिमला आलोय गं आत्या," निता बोलून गेली. आत्या एसटी स्टँडवर झोपली. पहाटे पाणी प्यायला उठली आणि पायरीवरून पडली.

"आन् ज्याच्या घरी पाहुना जाते, त्याले काय म्हंतात?" रुपाबाईनं पडल्या पडल्या विचारलं.

"त्यालाही तोच शब्द होता, आत्या."

"दोघायले एकच? बरं हाये मंग. कोन कोनाकडं आलं, पाह्याचं कामच नाही." ती हसली, आणि पाय दुखला म्हणून लगेच गप्प झाली.

अंजू फोनमध्ये शोधत होती. "निता आत्या, लॅटिनमधला शत्रूचा शब्दबी याच घरातला हाये म्हंते इथं."

"आधी शत्रू नव्हता तो. नुसता परका. दारात आलेला अनोळखी माणूस."

"मंग शत्रू कसा झाला?"

नितानं रिकामी बाटली तिच्या हातात दिली. अंजू पाणी भरून आणायला गेली.

शेजारच्या खाटेवर सरवरीबी नावाच्या म्हातारीची सून होती. सून झोपली तशी सरवरीबी स्टूल सरकवून रुपाबाईजवळ आली. "काहो बाई, पडल्या कुठं तुमी?"

निता उगाच चादरीची घडी घालू लागली.

"हिच्या घरी," रुपाबाईनं निताकडे हात केला. "माही भाची हाये, कॉलेजात मास्तरीन. मुक्कामाले गेलती मी. काय घर बांधलं हो बाई तिनं. निळं फाटक, दाराशी लायटीच लायटी. साहेबलोक जेवाले आले होते, तरी माह्या मागंपुढं करत होती पोरगी. फरशी अशी चिकनी, सटकला माहा पाय."

"नशीब बाई. जवळ आपलं मानूस होतं."

"हव."

घर बांधल्यापासून आत्या कधी आली नव्हती. फाटकाला निळा रंग देऊन आठवडाही झाला नव्हता. म्हणजे परवा तिनं फोन केला तो स्टँडवरून नव्हता. ती फाटकाशीच उभी होती. उजेड, गाड्या, माणसं, सगळं बघत, "वाशिमला आलोय" हे कानानं ऐकत.

"आत्या," ती म्हणाली.

तेवढ्यात दवाखान्याचं जेवण आलं. रुपाबाईनं ताटलीतली पोळी मोडली, अर्धीत भाजी घातली आणि निताच्या हातावर ठेवली.

"खाऊन घे. सकायपासून उपाशी बसून राह्यली तू."

निताच्यानं तो घास तोंडात घालवेना, आणि खालीही ठेववेना.